वरच्या जबड्यात दात नाहीत

ट्रे क्रमांक अकरा

मेणाच्या ट्रेमध्ये एक प्राणी उताणा पडला होता. हातापायांत चार टाचण्या, पोट मधोमध उघडलेलं, कातडीच्या दोन्ही पाकळ्या बाजूला ताणून बसवलेल्या. शेजारी आकृतीची वही. वहीवर लाल पेनाची फुली. फुली इतकी जोरात मारली होती, की कागद मागच्या बाजूने फुगला होता.

"हे काय काढलंय?" बाहेरून आलेले परीक्षक विचारत होते.

"त्याच्या पोटात जे आहे ते."

"वृषणाच्या वरच्या टोकाला ही टोपी कसली?"

"माहीत नाही सर, म्हणून नाव दिलं नाही. पण आहे. दोन्ही बाजूंना आहे."

"बेडकाला असलं काही नसतं."

"याला आहे."

"आणि हे? 'वरच्या जबड्यात दात आढळले नाहीत.' अहो, बेडकाला वरच्या जबड्यात दात असतात. समोर एवढा मोठा तक्ता टांगलाय, त्यात काढून दाखवलेत."

"तक्त्यातल्याला आहेत. माझ्या ट्रेतल्याला नाहीत. बोट घालून बघा ना, सर."

मागच्या टेबलावर कोणीतरी फिस्सकन हसलं. परीक्षकांच्या शर्टाच्या बाह्या पांढऱ्या होत्या आणि हातांत मोजे नव्हते. त्यांनी बोट घातलं नाही. ट्रेकडे पाहिलंसुद्धा नाही. तक्त्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि म्हणाले, "परीक्षक मी आहे की तुम्ही?" मग ते ट्रे क्रमांक बाराकडे वळले.

मी भिंतीला टेकून उभी होते, हातात वापरलेल्या कात्र्यांची बादली. अकरा नंबरची बाई बरोबर बोलत होती. त्या खोलीत हे ठाऊक असलेली मी एकटीच असावे. अकरा नंबरची बाई माझी सख्खी नणंद होती.

मी बादली धरून उभी राहिले.


त्वचा

प्राणिशास्त्राच्या या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं अटेंडंट आहे. ट्रेमध्ये मेण ओतणं, कात्र्यांना धार लावून आणणं, प्राणी मागवणं, त्यांना क्लोरोफॉर्मच्या बरणीत ठेवणं आणि परीक्षा संपली की मागच्या मोकळ्या जागेत खड्डा करून सगळं पुरणं, हे माझं काम. सगळे मला मावशी म्हणतात. माझ्याहून चार वर्षांनी मोठे असलेले विभागप्रमुखही.

सतरा वर्षांपूर्वीपर्यंत पुरवठादार बेडूक आणायचा. ओले, गुळगुळीत, लांब तंगड्यांचे, ओल्या साबणासारखे हातातून सटकणारे. मग बेडूक धरायला बंदी आली. पुरवठादाराने एके दिवशी जाळीच्या खोक्यातून वेगळेच प्राणी आणले. कोरडे, खरबरीत, अंगभर गाठी, पाय आखूड, उडी मारायची म्हटलं की कंटाळणारे. डोळ्यांच्या मागे दोन फुगीर उशा. पुस्तकात यांना भेक म्हणतात.

"हे बेडूक नाहीत," मी म्हणाले.

"बेडकाचे चुलतभाऊ आहेत. आतून सगळं सेम."

मी विभागप्रमुखांकडे गेले. ते तेव्हा नुकतेच त्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्यासमोर वेळापत्रक होतं. मान वर न करता म्हणाले, "चालतंय हो मावशी. लेबलवर बेडूकच लिहा. अभ्यासक्रमात बेडूक आहे."

मी लिहिलं.

त्या उशा म्हणजे विषाच्या ग्रंथी. दाबल्या की दुधासारखा चीक येतो. पहिल्याच वर्षी तो माझ्या बोटांना लागला आणि त्याच बोटांनी मी डोळा चोळला. दोन दिवस डोळा उघडेना. कुठल्या बेडकाने माझं असं कधी केलं नव्हतं. म्हणजे माझ्या कातडीला फरक कळला होता. तरी मी लिहीत राहिले: बेडूक, नर. बेडूक, मादी. सतरा वर्षं, माझ्या बऱ्यापैकी सुवाच्य अक्षरात.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते, मागाहून लपवल्यासारखं नको.

विद्यार्थ्यांच्या जर्नलमधलं प्रत्येक पान सरांनी पाहायचं असतं. पाहिलं की त्यावर शिक्का: 'तपासले', खाली विभागप्रमुखांचं नाव आणि सहीसुद्धा शिक्क्यातच कोरलेली. हा शिक्का माझ्या खणात असतो. दरवर्षी तीनशे जर्नलं येतात, मी शाईचा पॅड घेऊन बसते आणि दुपारच्या चहापर्यंत सगळी तपासून होतात. वाचायचं काय त्यात? आकृत्या सगळे तक्त्यावरूनच काढतात. ट्रेतला प्राणी निव्वळ वासापुरता.


जीभ

भेकाची जीभ तोंडात पुढच्या बाजूला चिकटलेली असते, मागचं टोक मोकळं. म्हणून ती एका झटक्यात बाहेर फेकली जाते, काही विचार करायच्या आत. माझ्या नवऱ्याची जीभ याच घडणीची आहे.

"तक्त्यावरून काढायचं ना गं!" जेवताना त्याने बहिणीला सुनावलं. "सगळं जग काढतं. तुलाच काय नडलं होतं?"

माझ्या नणंदेला घरात सगळे सुई म्हणतात. लहानपणापासून ती बोलली की टोचतं. वय अडतीस. जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे: पिंजरे धुते, पट्ट्या बांधते, डॉक्टर इंजेक्शन देत असताना कुत्र्याची मान धरते. दवाखान्याच्या आतल्या खोलीत एक टेबल आहे, त्यावर सूक्ष्मदर्शक. तिथे बसून रक्ताच्या काचा तपासणारा माणूस या महिन्यात सोडून चाललाय. डॉक्टर तिला म्हणाले होते, पदवी आण आणि त्या खुर्चीवर बस. पदवीला एवढं एक प्रॅक्टिकल अडलं होतं. नियमाप्रमाणे तीन वेळा बसता येतं. ही तिसरी वेळ. पहिल्या वेळी तिला ताप होता, दुसऱ्या वेळी चिरायला झुरळ आलं होतं आणि कात्रीने तिचं बोट कापलं होतं. या वेळी ना ताप, ना झुरळ. या वेळी तिने सगळं नीट केलं होतं.

"दादा," सुई म्हणाली, "कुत्र्याच्या पायाला जखम असेल आणि पुस्तकात कानाला दाखवली असेल, तर मलम कानाला लावू का?"

"मलमाचं सोड. मार्क कोण देणार होतं, कुत्रा?"

"कुत्र्याने निदान हुंगून तरी पाहिलं असतं."

"ऐकलंस?" नवरा माझ्याकडे वळला. "पुन्हा पिंजरे धुवायची वेळ आली तरी तोरा बघ. तिला जरा शहाणपण शिकव."

मी ताटात हात तसाच ठेवला. "अहो, ती बरोबर होती."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"तो प्राणी मीच मागवला होता. बेडूक नव्हताच तो. सतरा वर्षं आमच्याकडे बेडूक आलेलाच नाही."

सुईने हळूच मान वळवली.

"वहिनी, तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू तिथे उभी होतीस."

"हो."

"बादली घेऊन."

तिने ताट पुढे सरकवलं आणि उठली. नेहमी तिचं बोलणं टोचतं. त्या दिवशी ती पुढे काहीच बोलली नाही.


घसा

भेकाला आपल्यासारख्या बरगड्या नसतात, त्याला छाती फुगवता येत नाही. तो घसा वरखाली करून हवा अक्षरशः गिळतो. थोडी थोडी, सारखी.

विभागप्रमुखांचा घसा दुसऱ्या दिवशी सकाळी तसाच वरखाली होत होता.

"मावशी, तुम्ही यात पडू नका."

"मी यातच आहे सर. सतरा वर्षं."

"नणंद आहे ना तुमची? म्हणून हा पुळका."

"कोणत्याही भावजयीला विचारा सर, नणंदेचा पुळका किती असतो ते."

"हे बघा, आतून दोन्ही सारखेच असतात."

"मग टोपी?"

"कसली टोपी?"

"वृषणावरची."

"तुम्ही आता मला शरीररचना शिकवणार?"

"नाही सर. एकदा ट्रे बघता का, एवढंच विचारतेय. अकरा नंबर मी अजून पुरलेला नाही."

त्यांनी घड्याळ बघितलं. "लेखी अर्ज द्या," ते म्हणाले. मी लिहीत बसणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

अर्ज, पहिला प्रयत्न:
माननीय महोदय, आपण आंधळे

अर्ज, दुसरा प्रयत्न:
माननीय महोदय, गेली सतरा वर्षं आपल्या विभागाने अंदाजे पाच हजार मुलामुलींना एका प्राण्याचं पोट फाडायला लावून दुसऱ्याच प्राण्याची आकृती काढायला लावली आहे, आणि या पाच हजारांत जिने पहिल्यांदा डोळे उघडे ठेवले तिला आपण

अर्ज, तिसरा प्रयत्न (हा दिला):
ट्रे क्रमांक अकरामधील प्राणी बेडूक नव्हता, भेक होता. लेबल मी चुकीचे लिहिले होते. उमेदवाराने बरोबर पाहिले आहे. कृपया आपणही पाहावे.


टोपी

त्या टोपीचं नाव आम्हांला ग्रंथालयात सापडलं. सुई दवाखान्यातून अर्धी सुटी काढून आली होती. माझ्याशी बोलत नव्हती, पण शेजारी बसली होती. जाडजूड पुस्तक, एकही चित्र रंगीत नाही, पानांना कुबट वास. तिने बोट एका ओळीवर ठेवलं आणि ते तिथून हलवलंच नाही.

आकृती १. सुईच्या वहीतून. (लाल फुली मी इथे पुन्हा काढलेली नाही.)
वरून खाली: बोटांसारखे पिवळे मेदपिंड, त्यांच्याखाली फिकट, दाणेदार टोपी, नाव नाही, टोपीखाली लांबट वृषण, मागे तपकिरी मूत्रपिंड.

टोपीचं नाव बिडरचा अवयव. तो भेकांच्या कुळात असतो. बेडकात नसतो. तो म्हणजे न वाढलेलं अंडाशय, नराच्या पोटात जन्मभर गप्प बसलेलं. नराची वृषणं काढून टाकली, तर एक-दोन वर्षांत ही टोपी वाढते आणि खरंखुरं अंडाशय होते.

"म्हणजे याच्या पोटात एक बाई राखीव ठेवलीय," सुई म्हणाली. त्या जेवणानंतरचं तिचं माझ्याशी पहिलं वाक्य.

"वेळ पडली तर असावी म्हणून."

ती हसली नाही. पुढचं वाचत होती. "वहिनी, इथे दातांचंही आहे. भेकाला दात नसतात. वर नाहीत, खाली नाहीत, कुठेच नाहीत." तिने पुस्तक माझ्याकडे फिरवलं. "मी दोनच गोष्टी वेगळ्या काढल्या होत्या. दोन्ही गोष्टींवरून हा कोण आहे ते कळतं. आणि त्यांनी नेमकी त्याच दोन गोष्टींवर फुली मारली."

तिचा आवाज जरासा चिरकला. ग्रंथपालाने वर पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.


हृदय

तीन कप्पे. दोन अलिंदं, एक निलय. प्राणी मेल्यावर, छाती उघडल्यावरही ते बराच वेळ चालू राहतं. सव्वीस वर्षं पाहतेय, अजून सवय झालेली नाही. यापलीकडे मला याविषयी काही म्हणायचं नाही.


डोळे

गुरुवारी अकरा वाजता प्राचार्यांच्या खोलीत तिघं बसले: प्राचार्य मॅडम, विभागप्रमुख आणि ते बाहेरचे परीक्षक. उमेदवाराला आत घेत नाहीत, म्हणून सुई बाहेर बाकावर. मी आत गेले ती एक झाकलेला ट्रे, एक खोकं आणि रबरी मोज्यांचे चार जोड घेऊन.

"हे कशाला?" विभागप्रमुख म्हणाले.

"कोणी हात आखडू नये म्हणून, सर."

मॅडमचा विषय इतिहास. त्या म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही. सोप्या भाषेत सांगा."

"सांगत नाही मॅडम, बोट घाला."

मी अकरा नंबरचा जबडा चिमट्याने उघडून धरला. मॅडमनी अंगठी काढून टेबलावर ठेवली, मोजा चढवला, डोळे बारीक केले आणि वरच्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "गुळगुळीत आहे."

मग मी खोकं उघडलं. आत एक जुनी कवटी, बंदी येण्याआधीच्या बेडकाची. काचेच्या कपाटात मागच्या रांगेत होती, मीच दर सहा महिन्यांनी तिची धूळ पुसते. "आता ही."

मॅडमचं बोट कवटीच्या कडेवरून गेलं आणि थबकलं. पुन्हा गेलं. "अगं बाई, हे तर बारीक करवतीसारखं आहे."

"ते बेडकाचे दात, मॅडम. तक्त्यात आहेत ते हे. आणि मुलं कापतात तो हा."

परीक्षक इतका वेळ पेनचं टोपण लावत-काढत होते. त्यांनी मोजा मागितला. भेकाचा जबडा. कवटी. पुन्हा भेकाचा जबडा. मग न सांगता त्यांनी ट्रे स्वतःकडे ओढला, खिशातलं भिंग काढलं आणि मेदपिंड बाजूला सारून वाकून पाहत राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"लेबलवर बेडूक होतं," ते म्हणाले.

"लेबल माझं," मी म्हणाले. "पण डोळे तुमचे होते, सर."

"मावशी!" विभागप्रमुख कडाडले.

"राहू द्या," परीक्षक म्हणाले, भिंगातून डोळा न काढता.

इथे सगळं संपायला हवं होतं. पण विभागप्रमुखांच्या फायलीत एक कागद आधीच टाइप करून तयार होता. त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला.

'ट्रे क्रमांक अकरामधील नमुना सदोष असल्याने, उमेदवारास सहानुभूतीपूर्वक उत्तीर्ण करण्यात येत आहे.' खाली सहीसाठी रेघ, आणि रेघेखाली: प्रयोगशाळा परिचर.

"सही करा," ते गोड आवाजात म्हणाले. "संपलं. नणंदबाई पास. तुमच्यावरही काही येणार नाही. कोणावरच येणार नाही."

मॅडमनी सुटकेचा निःश्वास टाकला. "छान मार्ग काढलात."

भेक घास गिळताना डोळे मिटतो. मिटतो म्हणजे काय, डोळ्यांचे गोळेच आत खाली ओढून घेतो आणि त्यांनी घास घशात ढकलतो. दात नाहीत, चावता येत नाही, तेव्हा डोळ्यांनीच गिळायचं. मी हे प्रयोगशाळेत भेक ठेवतो त्या टाकीपाशी उभी राहून शेकडो वेळा पाहिलंय. माणसंही करतात. मी सतरा वर्षं तेच केलं होतं.

मी पेन उचललं. खोटं कशाला सांगू, सही करणारच होते. सुईला खुर्ची मिळणार होती. पण मग माझी नजर ट्रेवर गेली. सदोष? याच्यात काय कमी होतं? त्वचा भेकाची, जबडा भेकाचा, टोपी जागच्या जागी, दोन्ही बाजूंना. इतका धडधाकट नमुना वर्षात एखादाच मिळतो. जिवंतपणी त्याचं चुकलं नव्हतं, मेल्यावर चुकलं नव्हतं, आणि आता सगळ्यांचं खापर त्याच्या माथी.

"दोन मिनिटं," मी म्हणाले आणि बाहेर गेले.

सुई बाकावर जर्नल मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला कागद दाखवला.

"पास होशील. आजच."

तिने वाचला. दोनदा. "'सदोष' म्हणजे कोण? तो का?"

"तो."

"आणि मग मी काय काढलं होतं? दोषाची आकृती?"

"सुई, पुढच्या वेळेला बसता येणार नाही. ही शेवटची. तू म्हणशील तसं करते. तू म्हण फक्त."

तिने जर्नल उघडलं आणि पानं उलटत गेली. परीक्षेच्या चार महिने आधीचं पान. तसाच प्राणी, तीच टोपी, तिच्या बारीक अक्षरात तेच वाक्य: वरच्या जबड्यात दात आढळले नाहीत. आणि त्या वाक्याच्या अंगावर, निळ्या शाईत, जरा तिरपा पडलेला शिक्का.

'तपासले.' नाव. सही.

तिरपा कसा पडला तेही मला आठवलं. तेवढ्यात चहा आला होता.

"हे घेऊन जा आत," सुई म्हणाली. "आणि वहिनी, त्या कागदावर सही केलीस तर मी पास होईन, पण तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."


गिळणं

मी जर्नल मॅडमसमोर उघडून ठेवलं.

"हे चार महिन्यांपूर्वीचं. उमेदवाराने तेव्हाही हेच लिहिलं होतं. विभागाने तपासून बरोबर ठरवलंय. कुठे लाल खूण नाही."

मॅडमनी शिक्का पाहिला, मग विभागप्रमुखांकडे पाहिलं. "हे तुम्ही तपासलंय?"

शिक्का कोणाच्या खणात असतो, हे विभागप्रमुखांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. आणि मला माहीत आहे, हेही त्यांना माहीत होतं. 'नाही' म्हणाले असते, तर तीनशे जर्नलं दरवर्षी, सतरा वर्षं, सगळी एका झटक्यात उघडी पडली असती. 'हो' म्हणाले, तर ज्या वाक्यावर फुली मारली ते वाक्य त्यांच्याच विभागाने मान्य केलेलं.

"सर, आठवत नसेल तर मी सांगू का?" मी म्हणाले. "शिक्का माझ्या खणात असतो. तेही लिहून देते. वेगळा कागद द्या."

विभागप्रमुखांनी डोळे मिटले. घसा एकदा वर गेला, खाली आला.

"तपासलंय," ते म्हणाले.

मी टाइप केलेला कागद ओढून घेतला. 'सदोष' हा शब्द खोडला आणि त्यावर लिहिलं: भेक, नर, निर्दोष. 'सहानुभूतीपूर्वक' खोडून काही लिहिलं नाही, तिथे नुसती खोड राहू दिली. मग सही केली.

परीक्षक उठून दारापर्यंत गेले. "आत या," त्यांनी सुईला हाक मारली. ती आली आणि उभी राहिली, हात मागे बांधून.

"या अवयवाचं नाव?"

"बिडरचा अवयव. परवा मला माहीत नव्हतं, म्हणून परवा लिहिलं नाही."

"आणि दात?"

"नाहीत. परवाही नव्हते."

त्यांनी लाल पेन काढलं. फुली पुसता येत नव्हती, म्हणून तिच्याशेजारी 'बरोबर' लिहिलं, तारीख घातली, पूर्ण सही केली. माफी मागितली नाही. पण जाताना ट्रेशी थांबून त्यांनी चारही टाचण्या स्वतःच्या हाताने काढल्या. मोजे मात्र घातले होते.

विभागप्रमुख शेवटी उठले. दारात मला म्हणाले, "ठीक आहे मावशी. तुमच्या मनासारखं झालं. पण पुढच्या वर्षीच्या लेबलांवर बेडूकच लिहायचं. अभ्यासक्रमात बेडूक आहे."


आवाज

टाकीत सध्या आठ भेक आहेत. पुढच्या परीक्षेसाठी. कधीकधी एक नर दुसऱ्या नराला मादी समजून पाठीमागून घट्ट मिठी मारतो. मग धरलेला नर एक ठरावीक आवाज काढतो. आखूड, कुरकुरीत, एकामागून एक, आणि कुशी थरथरवतो. हा आवाज त्याला याच एका कामासाठी दिलेला असतो: तू समजतोस तो मी नाही, सोड. धरणारा लगेच सोडतो. वाद घालत नाही, अर्ज मागत नाही.

आज मी आठही लेबलं नव्याने लिहिली. भेक, नर. भेक, नर. भेक, मादी. शिक्का मी विभागप्रमुखांच्या टेबलावर नेऊन ठेवला, पॅडसकट. तीनशे जर्नलंही तिथेच आहेत. तक्ता भिंतीवर अजून तसाच आहे. तो उतरवायला शिडी लागते आणि शिडीच्या खोलीची किल्ली विभागप्रमुखांकडे आहे. मी रोज मागते. रोज ते म्हणतात, उद्या. मी उद्या पुन्हा मागणार.

सुई परवा त्या आतल्या खोलीत बसायला लागली. संध्याकाळी मी तिला बघायला गेले, तेव्हा ती सूक्ष्मदर्शकावर वाकली होती, एक डोळा उघडा. मी बराच वेळ दारात उभी होते. माझ्या हातात काहीच नव्हतं.

"आलीस?" मान वर न करता ती म्हणाली. "ये, बस." काच सरकवली आणि म्हणाली, "त्या दिवशी निदान बादली तरी खाली ठेवायची होतीस गं, वहिनी."